बायकांचं बॉक्सिंग आणि बाई असण्याची तपासणी

आजचा विषय थोडा नाजूक आहे. घरात मुली असतील तर त्यांनाही शेजारी बसवून घ्या, कारण विषय त्यांच्याच खेळाचा आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिंपिक चालू होतं. १ तारखेला बायकांच्या बॉक्सिंगमध्ये इटलीची अँजेला कारिनी आणि अल्जेरियाची इमान खलिफ समोरासमोर आल्या. अवघ्या ४६ सेकंदांत कारिनीनं लढत सोडली. नाकावर बसलेला ठोसा सहन होण्यासारखा नव्हता, असं ती रडत म्हणाली. त्या संध्याकाळपासून जगभर एकच गोंधळ सुरू झाला. 'खलिफ बाई नाहीच, पुरुषाला बायकांत उतरवलं,' असं कोणीही उठून बोलू लागलं. आपल्याकडेही फोनवर ते व्हिडिओ फिरले.

खलिफ जन्मल्यापासून मुलगी म्हणून वाढलेली. पासपोर्टवरही स्त्री. गावाकडची गरीब घरातली पोर. सरावाला जायला बसचं भाडं हवं म्हणून ती भंगार विकायची आणि आई कुसकुस करून विकायची. त्याआधी ती बायकांकडून कितीतरी लढती हरलीही होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडली होती. पॅरिसला मात्र ६६ किलो गटात तिनं सुवर्ण घेतलं. तैवानची लिन यू-टिंग हिच्यावरही असाच संशय घेतला गेला होता, तिनं ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं.

आता कोण खरं, कोण खोटं, हा निवाडा करायला मी बसलेली नाही. मला समजून घ्यायचं आहे ते वेगळंच. बायकांच्या गटात कोणी खेळायचं, हे ठरवायचं कसं? आणि ठरवताना कोणाही बाईची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये, यासाठी काय करायचं?

आधी गट का असतात ते पाहू. बॉक्सिंगमध्ये ५७ किलोची मुलगी ७५ किलोच्या मुलीशी लढत नाही. सकाळी काट्यावर वजन होतं आणि त्यावरून गट ठरतो. वजनदार मुलगी वाईट म्हणून ही व्यवस्था नाही. हलक्या मुलीला जिंकण्याची खरी संधी मिळावी आणि तिच्या जिवाला धोका होऊ नये, म्हणून आहे.

बायकांचा गट वेगळा ठेवण्याचं कारणही तेच. वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक खूप वाढतं. त्यानं हाडं जाड होतात, खांदे रुंदावतात, स्नायू आणि हृदय मोठं होतं. वरच्या पातळीवर धावण्यात स्त्री-पुरुषांमध्ये साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक दिसतो. ठोसा मारण्याच्या ताकदीत तो याहून कितीतरी मोठा आहे. अमेरिकेतल्या उटा विद्यापीठात नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हातांची ताकद मोजली गेली. २०२० साली त्याचा निष्कर्ष छापून आला. ठोसा मारण्यासारख्या हालचालीत पुरुषांची सरासरी ताकद बायकांच्या अडीचपटीहून जास्त भरली.

धावण्याच्या शर्यतीत अन्याय झाला तर पदक जातं. रिंगमध्ये अन्याय झाला तर नाक फुटतं, डोक्याला मार बसतो. म्हणून 'नियम कशाला हवा, कोणीही खेळू द्या' हे म्हणणं मला पटत नाही. बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी २०१२ साली, लंडनला. तिथं आपल्या मेरी कोमनं कांस्य आणलं. इतक्या उशिरा मिळालेली ही जागा राखायलाच हवी.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की प्रत्येक शरीर दोनपैकी एका साच्यात चपखल बसत नाही.

शाळेत आपण शिकलो, बाईची गुणसूत्रं एक्स-एक्स आणि पुरुषाची एक्स-वाय. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक असतं. गर्भाची वाढ मुलाच्या दिशेनं सुरू करणारं ते जणू बटण. पण घरातली वीज आठवा. बटण दाबलं तरी तार बल्बपर्यंत पोचलेली नसेल तर उजेड पडत नाही. काही बायकांचं असंच असतं. गुणसूत्रं एक्स-वाय, एसआरवाय जनुकही असतं, टेस्टोस्टेरॉनही तयार होतं, पण शरीर त्याला दादच देत नाही. त्या मुलीसारख्याच वाढतात. पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर कित्येकींना ही गोष्ट पहिल्यांदा कळते. त्यांना त्या टेस्टोस्टेरॉनचा खेळात काही फायदा मिळत नाही.

दुसरा एक प्रकार आहे. त्यात जन्माच्या वेळी बाळ मुलगी वाटतं, पण वयात येताना टेस्टोस्टेरॉन पुरुषासारखंच काम करतं. तिथं ताकदीचा फायदा खरा असू शकतो. म्हणजे दोघींचं बटण चालू, पण उजेड एकीकडेच. नुसतं बटण तपासून निकाल दिला तर पहिलीवर अन्याय होतो. काहीच तपासलं नाही तर दुसरीच्या समोर उभ्या राहणाऱ्या मुलीवर अन्याय होतो.

ही तपासणी काही आजची नाही. १९६६ च्या सुमारास बायका खेळाडूंना कपडे काढून डॉक्टरांच्या पथकासमोर उभं केलं जायचं. तो प्रकार इतका लाजिरवाणा होता की १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी आली. ती करायची गालाच्या आतल्या पेशी घेऊन. त्यात स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो सापडली. १९८५ साली जपानमधल्या कोबे इथल्या स्पर्धेत तिचा अहवाल एक्स-वाय आला. दुखापत झाल्याचं सांगून बाजूला हो, असा सल्ला तिला मिळाला. पुढे ती पुन्हा धावली, तर बातमी फोडली गेली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेलं लग्नही मोडलं. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद न देणारं होतं, म्हणजे फायदा काहीच नव्हता. ती लढली आणि १९८८ साली तिला पुन्हा परवानगी मिळाली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ बायकांची तपासणी झाली. आठ जणींमध्ये एसआरवाय सापडलं आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. १९९९ साली ऑलिंपिक समितीनं सरसकट तपासणी बंदच केली.

त्यानंतर 'जिच्यावर संशय, तिचीच तपासणी' असा काळ आला. तो आपल्या देशातल्या मुलींनी सोसला. तमिळनाडूची शांती सौंदराजन २००६ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये दुसरी आली. तपासणीनंतर तिचं रौप्यपदक काढून घेतलं आणि बातमी देशभर झाली. पुढे तिला वीटभट्टीवर मजुरी करावी लागली. ओडिशातल्या विणकर आईबापांची मुलगी द्युती चंद हिला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळलं. ती मात्र आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. २०१५ साली लवादानं तो नियम स्थगित केला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं दोन रौप्यपदकं आणली.

संशयावरून तपासणी म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगायला नको. आवाज जाड, छाती सपाट, केस बारीक कापलेले, चाल दांडगी, की झाली कुजबुज सुरू. आपल्या गल्लीत जे मुलींच्या वाट्याला येतं, तेच मैदानावर अधिकृत होऊन बसतं.

आता पॅरिसकडे परत येऊ. खलिफ आणि लिन या दोघींना २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याच दिल्लीत, जागतिक स्पर्धा चालू असताना अपात्र ठरवलं होतं. ठरवणारी संघटना होती तेव्हाची आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटना. दोघी तोपर्यंत त्या स्पर्धेत लढल्याही होत्या. कोणती तपासणी केली, याचे कागद संघटनेनं तेव्हा लोकांसमोर ठेवले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये ऑलिंपिक समितीनं इतर कारणांवरून त्या संघटनेची मान्यता काढली. पॅरिसला समितीनं पासपोर्टवरची नोंद धरली आणि दिल्लीचा निर्णय मनमानी होता असं म्हटलं. एकीकडे स्पर्धेच्या मध्यातच निकाल, दुसरीकडे तपासणीच नाही. या ओढाताणीत चिरडल्या गेल्या त्या रिंगमधल्या बायका. खलिफला शिव्या मिळाल्या. कारिनीलाही टोमणे मिळाले. नंतर तिनं खलिफशी हात न मिळवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

आता बॉक्सिंगचा कारभार वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेकडे आहे. २०२५ साली तिनं नियम केला की, १८ वर्षांवरच्या सगळ्याच खेळाडूंची एकदा जनुकीय तपासणी होईल. लाळ, रक्त किंवा तोंडातल्या पेशी घेऊन. अहवालात काही निघालं तर स्वतंत्र तज्ज्ञ पुढची तपासणी करतील, आणि अपील करता येईल. एसआरवाय असूनही शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम झालेला नसेल, तर बायकांच्या गटात जागा आहे. म्हणजे बटणाबरोबर उजेडही पाहायचा. ही चांगली गोष्ट आहे.

पण हा नियम जाहीर करताना संघटनेनं पत्रकात खलिफचं नाव घातलं. नंतर संघटनेच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला जागतिक स्पर्धा झाली. तिथं फ्रान्सच्या मुलींचा संघ खेळूच शकला नाही, कारण त्यांचे अहवाल वेळेत आले नाहीत. त्याच स्पर्धेत आपल्या जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण जिंकलं. वर्षानुवर्षं घाम गाळून आलेली मुलगी कागद उशिरा आला म्हणून घरी परतते, तेव्हा तिनं दाद कोणाकडे मागायची?

आपल्या बचत गटात कर्जाचा नियम आधी ठरतो, वहीत लिहिला जातो, सगळ्यांच्या सह्या होतात. मग अर्ज येतात. अर्ज कोणाचा आला हे पाहून नियम केला तर गट दुसऱ्या दिवशी फुटेल. आणि एखादीचा हप्ता थकला तर ते बैठकीत बोलायचं असतं, पाणवठ्यावर नाही. खेळातही हेच हवं. नियम स्पर्धेच्या आधी ठरलेला असावा, सगळ्यांना सारखा असावा. अहवाल त्या मुलीला आणि नेमलेल्या डॉक्टरला, एवढ्यांनाच कळावा. आणि आयुष्य हलवून टाकणारी बातमी सांगताना तिच्याजवळ समजावणारं कोणीतरी असावं. तपासणीत काही निघालं म्हणून तिनं फसवणूक केली असं होत नाही. जन्माला येताना शरीर कोणी निवडून घेत नाही. एखादीला बायकांच्या गटात खेळता आलं नाही, तरी तिचं बाईपण आणि तिचा मान तसाच राहतो.

आपल्या मुली आता तालमीत जातात, ज्युदो, बॉक्सिंग शिकतात. उद्या कोणी तपासणीचा कागद पुढे केला तर घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. चार प्रश्न विचारा. हा नियम कोणत्या संघटनेचा, आणि तो लेखी दाखवता का? तपासणी कशाची? अहवाल कोणाकोणाला कळणार? निकाल मान्य नसेल तर अपील कुठे करायचं? या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय सही नाही.

आणि गावात एखाद्या धिप्पाड मुलीकडे पाहून कोणी म्हणालं, 'ही पोरगी आहे की पोरगा?', तर तिथंच थांबवा. हे ठरवणं बघ्यांचं काम नाही.

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा भेटू. नमस्कार.