मारिन्स्कीबाहेरची पावलोवा

अॅना पावलोवा म्हटले की बहुतेकांना आठवतो तो ‘मरणारा हंस’. फ्रेंच संगीतकार सेंट-सान्सच्या सुरावटीवर मिखाईल फोकिनने तिच्यासाठी बसवलेला हा एकल नाच जेमतेम काही मिनिटांचा. त्या मिनिटांनी तिला अमर केले, पण तिच्यावर अन्यायही केला. नाजूक, हवेत विरून जाणारी, या जगाचीच नव्हे अशी जी पावलोवा आपल्या मनात बसली आहे, तिच्याआड वीस वर्षे कंपनी पाठीशी घेऊन जगभर फिरणारी कणखर बाई दिसेनाशी होते. नृत्यरचनेत क्रांती केली ती इतरांनी. पावलोवाने केले ते वेगळेच काम: बॅले म्हणजे काय हे ज्यांच्या गावीही नव्हते, अशा ठिकाणी तिने त्याला प्रेक्षक मिळवून दिला. माझ्या मते तिचे खरे मोठेपण त्यात आहे.

1881 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ती जन्मली. आई धुणी धुण्याचे काम करणारी. वडिलांविषयी नक्की काही सांगता येत नाही. लहानपणी मारिन्स्की थिएटरात ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहून तिने नर्तकी व्हायचे ठरवले. पहिल्या खेपेला बॅलेच्या शाळेने घेतले नाही. 1891 मध्ये प्रवेश मिळाला. त्या काळी रशियन रंगमंचावर इटालियन नर्तकींचा दबदबा होता. पिएरिना लेन्यानी एका पायाच्या टोकावर ओळीने बत्तीस गिरक्या घेई आणि शाळेतल्या मुली तिची नक्कल करू पाहत. पावलोवाकडे तसले भरीव, पीळदार स्नायू नव्हते. शरीर किडकिडीत, घोटे अशक्त, पावलांची कमान नको इतकी उंच. कसरतीच्या मागे लागू नकोस, असे तिचे गुरू पावेल गेर्त यांनी तिला बजावले होते. तिने काय केले? पायाच्या टोकावर तोल राहावा म्हणून बुटाचा तळ कडक चामड्याने भक्कम करून घेतला. हा लबाडीचा मार्ग आहे, अशी कुजबुज तेव्हा झाली. पुढे भक्कम तळ हाच बॅलेच्या बुटांचा रिवाज झाला. छायाचित्रांत मात्र बुटाचे रुंद टोक ती पुसून घेई, म्हणजे पाऊल सुईसारखे निमुळते दिसे. हलकेपणाचा तो भास असा चामडे शिवून आणि फोटो घासून घडवलेला होता, आणि मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही. 1903 मध्ये तिने ‘जिझेल’ केली आणि 1906 मध्ये ती प्रिमा बॅलेरिना झाली.

तिथेच राहती तर झारच्या थिएटरात मान, पगार, निवृत्तिवेतन, सगळे काही होते. पण 1908 पासून ती बाहेरचे दौरे करू लागली, 1912 मध्ये तिने लंडनमध्ये घर घेतले आणि 1913 नंतर ती मारिन्स्कीत नाचली नाही. तिच्यावरचा मोठा आक्षेप याच वळणाशी येतो. रशियन बॅले पॅरिसला नेणाऱ्या द्यागिलेवच्या मंडळींत ती थोडाच काळ टिकली. ‘फायरबर्ड’ची भूमिका तिने नाकारली, कारण स्त्राविन्स्कीचे संगीत तिला रुचले नाही. स्वतःच्या कंपनीत ती गोड, सोप्या चालींवरचे छोटे नाच बसवत राहिली. लंडनच्या पॅलेस थिएटरात विनोदी नकला आणि कसरतींच्या जोडीला तिचे नाच होत. समीक्षकांनी तिला मागासलेली ठरवले, आणि संगीताच्या निवडीपुरते ते खरेही आहे. पण द्यागिलेवचे नवे प्रयोग पाहिले ते मुख्यतः युरोपच्या मोठ्या शहरांतील जाणत्यांनी. पावलोवा मेक्सिकोत बैलझुंजीच्या रिंगणात नाचली, आणि तिथला लोकनाच पायाच्या टोकांवर करून दाखवला. दक्षिण अमेरिका, जपान, इजिप्त, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे ती गेली. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांसारखा पडदे, पेट्या, वादक घेऊन चाललेला तो संसार होता. अशा फिरतीत अवघड, अनोळखी संगीत कुठवर चालले असते?

भारताच्या बाबतीत तिच्यावरचा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘ला बायादेर’मध्ये तिने 1902 साली देवळातल्या नर्तकीची, निकियाची भूमिका केली होती. त्यातला भारत म्हणजे पीटर्सबर्गमध्ये बसून रंगवलेले चित्र. 1922-23 च्या हिवाळ्यात ती भारतात येऊन गेली आणि 1923 च्या सप्टेंबरात लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने ‘अजंठ्याची भित्तिचित्रे’ नावाचा बॅले केला; संगीत अलेक्झांडर चेरेपनिन यांचे. म्हणजे पुन्हा रशियन कल्पनेतलाच पूर्वदेश, असे कोणी म्हटले तर ते खोडता येत नाही. मात्र त्याच काळात ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ हे नाच तिने उदयशंकरांकडून बसवून घेतले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून लंडनला चित्रकला शिकायला गेलेल्या या तरुणाने नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कृष्ण तो झाला, राधा ती. उदयशंकरांना आणि 1928-29 च्या दौऱ्यात भेटलेल्या, पुढे भरतनाट्यमकडे वळलेल्या रुक्मिणीदेवींना तिने सांगितले ते एकच: आपल्या देशाचे नृत्य शोधा. यावरून भरतनाट्यमच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय एका रशियन बाईला देणे अर्थातच चुकीचे ठरेल. ती विद्या देवदासी घराण्यांनी जपली, नर्तकी बालासरस्वती त्यांच्यातूनच आल्या, आणि मद्रासमध्ये त्या विद्येची बाजू लढवली ती ई. कृष्ण अय्यर यांनी. पण रुक्मिणीदेवी आधी पावलोवाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकत होत्या. त्यांना आपल्याकडे वळवून घेणे तिला सोपे होते. तिने तसे केले नाही.

शेवटचा आक्षेप असा की, 1931 च्या जानेवारीत हेग येथे फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन ती पन्नाशीच्या आतच गेली, आणि मागे ना शाळा राहिली ना कंपनी. हे खरे आहे. मारिन्स्कीसारखी भिंत तिच्या पाठीशी नव्हतीच. पण 1917 मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे तिचा नाच पाहायला तेरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा बसला होता, फ्रेडरिक अॅश्टन. तो पुढे ब्रिटिश बॅलेचा सर्वांत मोठा रचनाकार झाला. पावलोवाच्या ‘गावोत’ नाचातली काही पावलांची एक छोटी जुळणी त्याने उचलली आणि आपल्या बहुतेक प्रत्येक रचनेत कुठे ना कुठे घातली. कधी नायिकेला, कधी मागच्या रांगेतल्या मुलींना. लंडनच्या नर्तकांत त्या जुळणीला आजही ‘फ्रेड स्टेप’ म्हणतात.