पुढे आलेले दात : चाळिशीनंतर तार लावावी काय?

आमचे वरचे दात लहानपणापासून पुढे. शाळेत पोरांनी त्यावरून नाव ठेवले, ते मॅट्रिकपर्यंत चिकटून राहिले. फोटो काढताना ओठ मिटून घ्यायची सवय लागली. पुढे सभेत बोलायला उभे राहू लागलो, तरी तोंडावर हात जायचाच. दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढीच आमच्या घरची समजूत. आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी खालचे दात टाळूला टोचून जखम होऊ लागली, तेव्हा प्रश्न उभा राहिला : या वयात दात बसवून घ्यावे काय?

एक शेजारी म्हणाले, "आता काय तुम्हाला मुलगी पाहायला जायचे आहे?" दुसऱ्याने एक दवाखाना सुचवला. तेथे एक्स-रे न काढताच "उद्या तार लावू, आगाऊ रक्कम भरा" असे सांगण्यात आले. आम्ही कारकून माणूस. तपासणीशिवाय निर्णय आम्हाला पटेना. रजा टाकली, नरखेडला गाडी धरली आणि काटोल, कळमेश्वर करीत नागपूर गाठले. मेडिकलच्या परिसरात 1968 साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे, तेथे केसपेपर काढला.

तेथे काय कळले?

वरच्या दातांनी खालच्या दातांवर दोन-तीन मिलिमीटर झाकण करावे, हे नैसर्गिकच. ते फार झाले की खालचे दात टाळूला लागतात, दात झिजतात. दात फार बाहेर असतील, तर पडल्या-झडल्यावर तेच आधी तुटतात. कोणाचे केवळ दात पुढे असतात, कोणाचा खालचा जबडाच मागे असतो. म्हणून एक्स-रे आणि दातांचे माप घेतल्याशिवाय उपचार ठरत नाही.

दात कोणत्याही वयात सरकतो. तारेच्या हलक्या दाबाने एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे भरते. मात्र मोठेपणी जबड्याची वाढ संपलेली असते. दोष जबड्यातच जास्त असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. एरवी दीड ते अडीच वर्षे तार, महिन्याकाठी एक खेप, कधी जागा करण्यासाठी चांगले दोन दात काढणे, आणि शेवटी दात मागे फिरू नयेत म्हणून कित्येक वर्षे रात्री रिटेनर.

वयाची नाही, हिरड्यांची अट

डॉक्टरांनी आमच्या हिरड्या पाहून विचारले, "खर्रा खाता?" मान खाली घालावी लागली. हिरड्या सुजलेल्या असताना तार लावली, तर दात सरळ होण्याऐवजी हलू लागतात. ज्यांचे दात पूर्वी सरळ होते आणि चाळिशीत पुढे येऊ लागले, फटी पडल्या, त्यांनी तर आधी हिरड्यांचाच रोग तपासावा. आणि कोणी सांगितले म्हणून दातांना रबर गुंडाळू नये. ते हिरडीखाली सरकून चांगला दात मुळासकट घालवते.

आमचा हिशेब

आम्ही बी.कॉम. शिकलेले, म्हणून वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे टाळूची जखम आणि जन्माचा संकोच. दुसरीकडे खर्च, बुडणाऱ्या रजा आणि नागपूरच्या खेपा. तेवढ्यात अकरा वर्षांची लेक फोटोसाठी उभी राहिली आणि तिनेही ओठ मिटून घेतले. तिचे दात आमच्यावरच गेलेले. तिच्या जबड्याची वाढ चालू आहे. प्लेट लावून त्या वाढीला वळण देता येते. ती संधी चार वर्षांनी राहणार नाही. आमचे दात मात्र थांबू शकतात.

म्हणून घरात बसून ठरवले : आधी लेक. आमच्यासाठी तूर्त खर्रा बंद, हिरड्यांचा उपचार आणि जखमेवर डॉक्टरांची नजर. हिरड्या धड झाल्या, की तार लावायची. खर्रा सोडून चार महिने झाले आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, दात नीट करून घेणे म्हणजे श्रीमंतांचे नखरे नव्हेत. पण घाई करू नका : आधी हिरड्या, मग एक्स-रे, मग खर्च लेखी मागा. आणि मूल सात वर्षांचे झाले, की एकदा त्याचे तोंड डॉक्टरांना दाखवा. आमच्या वेळी हे सांगणारे कोणी नव्हते.