उभ्या ट्रकची रेस

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि वजनकाट्यांवर ट्रकच्या रांगा लागतात, आणि रांग पुढे सरकेपर्यंत त्यांतील जुन्या ट्रकचे इंजिन बहुधा बंद केले जात नाही, कारण थकलेली बॅटरी पुन्हा साथ देईल याची चालकाला खात्री नसते. गाडी उभी असताना आणि एक्सिलेटरवर पाय नसताना इंजिन ज्या किमान गतीने फिरत राहते, तिला गॅरेजच्या बोलीत ‘स्लो’ म्हणतात. सहा सिलिंडरच्या जुन्या डिझेल ट्रकमध्ये ही गती मिनिटाला सुमारे 600 ते 700 फेऱ्यांची असते. ती त्याहून वर राहिली तर ‘रेस चढली’ असे म्हटले जाते, आणि पाय काढल्यावरही इंजिन खाली यायला तयार नसेल तर ‘रेस अडकली’ असे म्हटले जाते. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी निदानाच्या दृष्टीने त्यांतील फरक महत्त्वाचा आहे: कायम एकाच उंचीवर राहणारी रेस बहुधा कोणीतरी बसवलेली असते, तर कधी उतरणारी आणि कधी न उतरणारी रेस ही कुठेतरी होणाऱ्या घर्षणाची खूण असते.

1981 साली औरंगाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा व्यवहार मुख्यतः रस्त्यावरून चालतो. कारखान्यांकडे येणारे भंगार, तेथून निघणारी सळई, बियाण्यांची पोती, अंबड-घनसावंगीकडची मोसंबी आणि ऊस, भोकरदन-जाफराबादकडचा कापूस, या सगळ्याला ट्रक लागतो. आणि लांबच्या खेपा नव्या गाड्यांकडे गेल्या, तरी जवळपासच्या खेपांसाठी जुनी गाडी टिकून राहते. या जुन्या गाड्यांमध्ये टाटांच्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. 1945 साली स्थापन झालेल्या टाटांच्या ‘टेल्को’ने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि करार संपला तेव्हा गाडीच्या तोंडावरचा त्या कंपनीचा तारा गेला, पण इंजिनाची घडण राहिली. पुढे अनेक वर्षे चाललेल्या 697 या इंजिनाच्या नावातच त्याचे माप आहे: सिलिंडर सहा, आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर.

या इंजिनाची रेस समजून घ्यायची तर आधी पेट्रोल इंजिनाविषयीची समजूत बाजूला ठेवावी लागते. पेट्रोल इंजिनात एक्सिलेटर हवेच्या वाटेवरची झडप उघडतो, त्यामुळे तेथे कुठे फट पडून जादा हवा शिरली की स्लो वाढू शकतो. डिझेल इंजिन मात्र हवा सहसा पोटभर घेते, आणि त्याची ताकद ठरते ती केवळ दर फवाऱ्याला किती डिझेल मिळते यावर. हे मोजून देण्याचे काम इंजिनाच्या कुशीला बसवलेला पंप करतो. बॉश कंपनीने 1927 मध्ये जर्मनीत असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, आणि 1951 मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे, म्हणजेच ‘मायको’मुळे, तो भारतीय ट्रकच्या घरचा झाला. पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, म्हणजे घट्ट बसणारा छोटा दट्ट्या असतो. त्याच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते, आणि दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडी पडून डिझेल कमी किंवा जास्त जाते. सहाही दट्ट्यांना एकाच वेळी फिरवणारी जी दातेरी पट्टी असते तिला ‘रॅक’ म्हणतात. मिनिटाला 600 फेऱ्यांच्या स्लोवर पंप 300 फेऱ्या घेतो आणि सहा नळ्यांतून मिळून मिनिटाला 1800 फवारे सोडतो. त्यांतील प्रत्येक फवारा अवघ्या काही घनमिलिमीटरचा असल्यामुळे रॅक केसभर जरी पुढे राहिली तरी इंजिनाचा आवाज बदलतो.

रॅक एका जागी पक्की बांधून स्लो मिळवता येत नाही, ही या यंत्रातील सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट आहे. ओझे नसलेल्या डिझेल इंजिनाला ठरावीक डिझेल देत राहिले, तर ते एका गतीवर स्थिरावेलच असे नाही. ते हळूहळू बंद तरी पडते किंवा चढत तरी जाते. म्हणून रॅकला सतत मागेपुढे करणारा एक पहारेकरी लागतो, आणि तोच गव्हर्नर. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर जे फिरते गोळे बसवले, त्यांचेच तत्त्व पंपाच्या मागच्या डबीत दडलेले असते: गती वाढली की फिरणारी वजने बाहेर फेकली जातात आणि रॅक मागे ओढतात, गती उतरली की स्प्रिंग वजनांना आत ढकलते आणि रॅक पुढे जाते. ट्रकवरील बऱ्याच गव्हर्नरांची रचना अशी असते की ते केवळ स्लोवर आणि कमाल गतीवर लक्ष ठेवतात, मधल्या सगळ्या पट्ट्यात कारभार चालकाच्या पायावर सोडून देतात. 

वजनांचा बाहेर फेकला जाण्याचा जोर गतीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे 2400 फेऱ्यांवर जो जोर असतो, त्याचा 600 फेऱ्यांवर केवळ सोळावा हिस्सा उरतो. भरधाव गाडीत रॅकला लागलेला थोडासा गंज किंवा चिकटा गव्हर्नर सहज ओलांडतो, पण स्लोवर त्याच्या अंगात तेवढे बळ नसते. म्हणून रॅकचे दुखणे रस्त्यावर न दिसता नेमके वजनकाट्याच्या रांगेत दिसते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यावर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये ही तक्रार अधिक येण्याचे कारणही तेच आहे. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या बाष्पाचे पाणी होते, ते डिझेलबरोबर पंपापर्यंत पोहोचते, आणि जुने डिझेल सुकून लाखेसारखा पातळ थर धरते. मग रॅक आणि दट्टे अडखळू लागतात.

असे असले तरी रेस चढण्याचे मूळ पंपात असण्यापेक्षा पंपाच्या बाहेर असण्याची शक्यताच जास्त असते. चालकाच्या पायाखालच्या पायडलपासून पंपाच्या लिव्हरपर्यंत सळया, खुंट्या आणि गोलगाठी यांची एक साखळी जाते, काही गाड्यांत तिच्याऐवजी नळीतून जाणारी वायर असते, आणि हे सगळे परत ओढून आणण्याचे काम एका साध्या स्प्रिंगवर सोपवलेले असते. काळ्या मातीची धूळ तेलकट गाठीवर बसून तिचा लेप होतो. वायरीचा एखादा धागा तुटून नळीत अडकतो. इंजिनाखालचे रबर बसले की इंजिन खाली झुकते आणि सळई आपोआप ताणली जाते. स्प्रिंग सैल पडते, आणि तिच्या जागी हाताला येईल ती दुसरी अडकवली जाते. पायडलखाली सरकलेली चटई हे कारण हास्यास्पद वाटते, पण ते आधी पाहावे. ज्या गाड्यांत हाताने ओढायचा एक्सिलेटर असतो, त्यांत डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे इंजिन गरम होण्यासाठी ओढलेली खुंटी दिवसभर तशीच राहून जाते.

निदानाची पहिली पायरी म्हणूनच अत्यंत स्वस्त आहे. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि इंजिन पुरेसे गरम झाल्यावर, पंपाच्या लिव्हरवरून सळई किंवा वायर सोडवायची आणि लिव्हर हाताने मागे, थांब्याच्या म्हणजे स्लोच्या स्क्रूपर्यंत न्यायचा. स्लो लगेच खाली आला तर दोष साखळीत आहे, आणि पंपाला हात लावण्याचे कारण नाही. लिव्हर स्क्रूला टेकलेला असूनही रेस वरच राहिली, तरच दोष स्क्रूच्या बसवणुकीत, गव्हर्नरमध्ये किंवा रॅकमध्ये शोधायचा. सोडवलेल्या अवस्थेत लिव्हर पूर्ण पुढे-मागे करून पाहिला की त्याच्या आसाचे घर्षणही बोटांना कळते. या सगळ्याला पाना, पक्कड आणि पाच-दहा मिनिटे लागतात. तरीही अनेकदा ही पायरी गाळली जाते आणि हात थेट स्लोच्या स्क्रूकडे जातो.

काही जुन्या इंजिनांवर फिरत्या वजनांऐवजी हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो, आणि त्याची तपासणी वेगळी आहे. त्यात हवा आत घेणाऱ्या नळीच्या अरुंद भागात झडप असते. स्लोवर ती जवळजवळ मिटलेली असल्याने तेथे निर्वात निर्माण होतो, तो एका बारीक नळीने पंपामागच्या डबीत पोहोचतो आणि तिथला पडदा, म्हणजे डायफ्राम, रॅकला मागे ओढून धरतो. ती नळी तडकली, तिची चुडी सैल झाली किंवा पडदा फाटला, तर निर्वात सुटतो आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलकडे ढकलते. हवेच्या गळतीने डिझेल इंजिन चढते अशी ही एकमेव रचना होय. पडदा तपासण्यासाठी इंजिन बंद असताना बंद करण्याचा लिव्हर ओढून धरायचा, डबीचे छिद्र बोटाने घट्ट झाकायचे आणि लिव्हर सोडायचा: पडदा धड असेल तर रॅक अगदी सावकाश परतते, फाटका असेल तर झटक्याने. जुने पडदे चामड्याचे असत आणि त्यांना अधूनमधून तेलाचे थेंब लागत; वाळलेले चामडे हे कारण म्हणूनच प्रथम तपासण्यासारखे असते.

स्लो एका जागी न राहता सतत वर-खाली होत असेल, तर त्याला ‘हंटिंग’ म्हणतात, आणि त्यामागे बहुधा वजनांच्या झिजलेल्या पिना, मोडलेली किंवा थकलेली स्लोची स्प्रिंग किंवा डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा असते. हवा सर्वांत सोपी, म्हणून फिल्टरवरचा आणि पंपावरचा स्क्रू ढिला करून ती आधी काढून पाहावी.

आता स्लोच्या त्या स्क्रूविषयी. स्लो मुद्दाम चढवून ठेवला जातो, तेव्हा त्यामागे जवळजवळ नेहमीच दुसरे एखादे दुखणे असते. एअर ब्रेकच्या नळीत गळती असेल तर सामान्य स्लोवर कॉम्प्रेसर हवेचा दाब टिकवू शकत नाही. रेस चढवली की घड्याळाचा काटा वर राहतो, गळती मात्र तशीच राहते, आणि तिचा खरा हिशेब उतारावर होतो. डायनामो कमी चार्ज करत असेल तर दिवे मंद होतात, म्हणून रेस चढवली जाते. एखादे नोजल नीट फवारत नसेल तर सहापैकी एक सिलिंडर चुकतो आणि केबिन थरथरते. गती वाढवली की थरथर झाकली जाते. अशा गाडीचा स्लो पुस्तकाप्रमाणे खाली आणणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, तर लपवलेले दुखणे उघडे पाडणे होय, आणि कारागिराने हे मालकाला आधीच सांगितले नाही तर ‘मिस्त्रीने गाडी बिघडवली’ असा बोल त्याच्यावर येतो. चढलेल्या रेसवर गिअर टाकताना दात घासतात, क्लच लवकर झिजतो आणि उभ्या गाडीत डिझेल जळते. पण गाडी तक्रार घेऊन गॅरेजात येते ती बहुधा यांपैकी शेवटच्या कारणासाठी.

रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकली तर प्रश्न दुरुस्तीचा न राहता जिवाचा होतो. गाडी बंद करण्याची वायर बहुतेक रचनांत त्याच रॅकला ओढते, त्यामुळे रॅक हलत नसेल तर वायरही निरुपयोगी ठरते. टाकीची वाट बंद केली तरी फिल्टर आणि पंपात साठलेले डिझेल इंजिनाला काही वेळ पुरते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडणे, किंवा हवा घेण्याचे तोंड जाड फळीने झाकणे, हे दोनच भरवशाचे उपाय आहेत. तोंडावर हात कधीही धरू नये, आणि फडके वापरू नये, कारण ते आत ओढले जाते. तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असलेल्या गाडीत धुळीच्या भीतीने खुणेपेक्षा जास्त तेल भरले, तर तेच तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळते आणि इंजिन पंपाच्या हुकमाबाहेर पळू लागते. तेथे फळी हाच इलाज.

साखळी निर्दोष ठरली आणि रॅक तरीही अडखळत असेल, तर पंप उतरवून पंपवाल्याकडे न्यावा लागतो. ट्रकच्या धंद्यात इंजिनाचा मिस्त्री आणि पंपवाला हे वेगळे कारागीर मानले जातात, आणि ही विभागणी योग्य आहे, कारण पंपवाल्याकडे पंप विजेच्या मोटरवर फिरवून प्रत्येक नळीतून येणारे डिझेल काचेच्या नळ्यांत मोजणारे बेंच असते, आणि त्याशिवाय पंप उघडणे म्हणजे तराजूशिवाय सोने विकणे. कमाल गतीचा स्क्रू तारेने आणि शिशाच्या शिक्क्याने बंद केलेला असतो. स्लो उतरत नाही म्हणून तो तोडण्याचे काहीच कारण नसते. धूर तपासणीच्या वेळी याच दोन टोकांची परीक्षा होते, कारण इंजिन स्लोवरून एकदम कमाल गतीपर्यंत चढवून धूर मोजला जातो, आणि जुन्या डिझेल गाड्यांना त्याची मर्यादा 65 हार्ट्रिज एकके अशी आहे.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 च्या नियमांतील नव्या ट्रकमध्ये पायडल म्हणजे केवळ एक विद्युत संवेदक असतो आणि स्लो संगणक ठरवतो; तेथे ना रॅक, ना सळई, ना शिशाचा शिक्का. जुना ट्रक मात्र अखेरीस जालन्याच्याच एखाद्या भट्टीत सळई होण्यासाठी येऊ शकतो. त्याचा पंप त्याआधीच उतरवून घेतात: त्याचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ते लोखंडात मिसळायचे नसते, आणि रॅक मोकळी सरकत असेल तर पंपाला दुसऱ्या गाडीवर जागा मिळते.