आरोपीचा बचाव : खटल्यापासून कोठडीपर्यंत

फौजदारी न्यायाचा विचार निघाला म्हणजे सामान्यतः न्यायालयातील खटला डोळ्यांपुढे उभा राहतो. साक्षीदारांची उलटतपासणी, उभय पक्षांचे युक्तिवाद आणि अखेरचा निकाल हेच त्याचे प्रमुख भाग मानले जातात, आणि आरोपीला वकिलाची खरी गरज याच वेळी भासते असे गृहीत धरले जाते. वस्तुतः खटल्याचे भवितव्य पुष्कळ अंशी तो सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. स्वतंत्र भारतात बचावाच्या हक्काचा जो विकास झाला, तो मुख्यतः या एका गोष्टीची हळूहळू पटत गेलेली जाणीव होय.

१. आरोप म्हणजे काय?

व्यवहारात ‘आरोप’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदली गेलेली प्रथम खबर. तिच्यात लिहिलेली कलमे ही केवळ तपासाची सुरुवात असते. दुसरी म्हणजे तपासाअंती पोलिसांनी न्यायालयात दाखल केलेले दोषारोपपत्र. तिसरी आणि खऱ्या अर्थाने कायदेशीर अशी गोष्ट म्हणजे न्यायालयाने स्वतः कागदपत्रे पाहून आरोपीवर ठेवलेला दोषारोप. पुरेसा आधार नसल्यास सत्र न्यायालय याच वेळी आरोपीला खटल्याविना सोडू शकते.

कलमांतील भेद वरवर लहान दिसला तरी परिणामी मोठा असतो. भारतीय न्याय संहितेनुसार साध्या चोरीला पहिल्या अपराधाबद्दल अधिकांत अधिक तीन वर्षांची कैद आहे. तीच चोरी राहत्या घरात झाली असे म्हटले की मर्यादा सात वर्षांवर जाते. म्हणून कोणते कलम, कोणत्या वस्तुस्थितीवर लावले आहे, हा बचावाचा पहिला प्रश्न ठरतो.

२. खटल्यापूर्वीचे दिवस

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. अटकेची कारणे आरोपीला सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही बंधने संविधानाच्या अनुच्छेद २२ मधूनच आलेली असल्यामुळे ती कायम आहेत. कोठडीच्या नियमात मात्र महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच देता येत असे. आता एकूण मर्यादा १५ दिवसांचीच असली, तरी ती प्रारंभीच्या ४० अथवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. पोलीस कोठडीचा धोका त्यामुळे अधिक काळ टिकून राहतो.

याच काळात काही हक्क मिळतात अथवा कायमचे निसटतात. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पुरा झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. परंतु दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी त्याने तो मागितला पाहिजे. पोलिसांपुढील कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तथापि कोठडीत त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. हे बारकावे सामान्य मनुष्याला ठाऊक असणे संभवत नाही.

३. हक्काचा प्रवास

संविधानाने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क १९५० मध्येच दिला. परंतु ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याचे काय? १९५१ मध्ये जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, वकील नव्हता एवढ्याच कारणावरून खटला आपोआप रद्दबातल ठरत नाही, अशी भूमिका घेतली. १९७३ च्या संहितेने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-अ अन्वये मोफत विधी साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व झाले.

यानंतर न्यायालयांनी वेग घेतला. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयात शिक्षा झालेल्या कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत व वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेले कच्चे कैदी देशापुढे आणले. खत्री विरुद्ध बिहार राज्य या १९८१ च्या निर्णयाने निर्णायक पाऊल टाकले : मोफत वकिलाचा हक्क खटल्यापासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्यापुढील पहिल्या हजेरीपासून सुरू होतो, आणि तो आरोपीला समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आरोपीने मागणी केली नाही ही सबब चालणार नाही, हे १९८६ च्या सुक दास प्रकरणाने स्पष्ट केले.

४. वकिलाची नियुक्ती

खाजगी वकील नेमताना वकालतनाम्यावर सही होते. त्याचा मजकूर वाचून सही करणे, आणि शुल्क केवळ जामीन अर्जापुरते आहे की संपूर्ण खटल्याचे आहे याचा लेखी खुलासा घेणे इष्ट असते. निकालावर अवलंबून शुल्क ठरविण्यास वकिलांच्या व्यावसायिक नियमांनी मनाई केलेली आहे. म्हणून निर्दोष सुटकेची हमी देऊन पैसे मागणारा वकील टाळणेच श्रेयस्कर. वकील बदलावयाचा झाल्यास थकलेल्या शुल्कापोटी त्याला पक्षकाराची कागदपत्रे अडवून धरता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. २०२२ च्या योजनेनुसार नेमलेले, केवळ बचावाचेच काम करणारे वकील महाराष्ट्रात ‘लोकअभिरक्षक’ या नावाने ओळखले जातात.

५. उरलेला प्रश्न

तरीही तत्त्व आणि उपाय यांत अंतर राहिले आहे. २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या हजेरीच्या वेळी वकिलाविषयी माहिती न देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाईस पात्रता ठेवली. परंतु खटल्यापूर्वी वकील नव्हता एवढ्याने, प्रत्यक्ष हानी दिसल्याखेरीज, खटला दूषित होत नाही असेही सांगितले. ही हानी दाखवावयाची कोणी? कोठडीतील पहिल्या दिवसांत वकीलच नसेल, तर त्या दिवसांत काय गमावले याची नोंदही बहुधा राहत नाही. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने वरिष्ठ न्यायालयांच्या निकालपत्रांवर न थांबता तालुक्याच्या न्यायालयातील कोठडीचे आदेश वाचले पाहिजेत. पहिल्या हजेरीच्या त्या कागदावर आरोपीच्या वकिलाचे नाव आहे की नाही, यावरूनच या हक्काचे खरे मोजमाप होईल.