क्रूर परंपरा आणि निसटतं सत्य : दोन कथा



एकदा माझ्या वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली. चार मुलांनी एकाच मुलाचं नाव घेतलं. मी त्याला वर्गासमोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पेटी मालकाच्याच घरी सापडली! मी सगळ्यांसमोर माफी मागितली, पण तो मुलगा पुढे कितीतरी दिवस उत्तरासाठी हात वर करत नव्हता.

माझ्या दोन चुका झाल्या. चौघांचं सांगणं मी खरं धरलं, आणि 'आम्हालाही असंच उभं करायचे' म्हणून त्याला उभं केलं. या दोन्ही चुका समजावणाऱ्या दोन कथा आज पाहूया. त्या मोठ्यांसाठीच्या आहेत, लहानांना वाचून दाखवू नका.

१) द लॉटरी

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची ही कथा जून १९४८ मध्ये 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आली. सुमारे ३०० वस्तीचं गाव. २७ जूनची छान सकाळ. लोक चौकात जमतात, गप्पा मारतात. मुलं दगडांचा ढीग रचतात. आपल्याला वाटतं, खेळ चाललाय. मग काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढल्या जातात. शेवटी टेसी हचिन्सन या बाईच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो आणि गाव तिच्यावर दगड उचलतं.

ही प्रथा का चालू आहे, हे कोणी सांगत नाही. पेटी मोडकळीला आलीय, जुने विधीही बरेचसे गळून गेलेत. तरी ७७ व्यांदा आलेले एक म्हातारबुवा, दुसऱ्या गावांनी हे बंद केलं म्हणून त्या गावांवरच चिडतात. आणि टेसी? ती हसत हसतच आली होती. 'हा अन्याय आहे' असं ती ओरडते, ते स्वतःच्या कुटुंबाची चिठ्ठी निघाल्यावर. तिच्या छोट्या मुलाच्या हातातही कोणीतरी खडे देतं. मला सगळ्यात जास्त हेच टोचलं. प्रथा मुलांच्या हातात अशीच येते, काहीही न सांगता.

कथा छापून आल्यावर वाचकांची ३०० हून जास्त पत्रं आली. काहींनी तर ही लॉटरी कुठे भरते, बघायला येता येईल का, असंही विचारलं!

२) इन अ ग्रोव्ह

जपानी लेखक र्यूनोसुके अकुतागावा यांची ही कथा १९२२ ची. बांबूच्या बनात एका सामुराईचं प्रेत सापडतं. कथेत सात जणांच्या जबान्या आहेत, निवेदक मध्ये येतच नाही. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला मारलं. बायको म्हणते, मी मारलं. मांत्रिक बाईच्या तोंडून मेलेला सामुराई म्हणतो, मी स्वतःच जीव दिला. गंमत बघा, इथे तिघंही आळ टाळत नाहीत, उलट मृत्यू स्वतःकडे घेतात. दरोडेखोराला शूर दिसायचंय, नवऱ्याला मानी. प्रत्येक जण आपली प्रतिमा सांभाळतोय. खरं काय, ते कथा शेवटपर्यंत सांगत नाही. याच कथेवरून अकिरा कुरोसावा यांनी १९५० मध्ये 'राशोमोन' हा चित्रपट केला.

मग आपण काय करायचं?

पहिल्या कथेत गावाला सगळं माहीत असतं, पण थांबवत कोणी नाही. दुसऱ्या कथेत सगळे बोलतात, तरी सत्य हाती लागत नाही. दोन्हीकडे घाईनं निकाल दिला तर बळी जातो.

आता भांडण आलं की मी प्रत्येक मुलाला वेगळं बोलावून तीन प्रश्न विचारते : तू स्वतः काय पाहिलंस? दुसऱ्याकडून काय ऐकलंस? तुला नुसतं काय वाटतंय? कंपासपेटीच्या वेळी हे विचारलं असतं, तर चौघांपैकी एकानंही काही 'पाहिलेलं' नव्हतं, हे लगेच कळलं असतं.

पालकांनाही एक विनंती. घरातल्या एखाद्या पद्धतीबद्दल मुलानं 'असं का?' विचारलं, तर 'पूर्वीपासून आहे' म्हणून त्याला गप्प करू नका. उत्तर माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. सापडलं नाही, तर ती पद्धत ठेवायची का, यावरही बोला.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात अशी कोणती पद्धत आहे? एकदा मुलांनाच विचारून बघा.