चोरट्या प्रती व बंद दारें



झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार व धोकादायक व्यक्ति ह्यांस खटल्यावांचून स्थानबद्ध करण्याचा एक कायदा महाराष्ट्रांत १९८१ सालचा आहे. २००९ सालीं त्या यादींत आणखी एका इसमाची भर पडली. तो इसम म्हणजे चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणारा. हातभट्टीवाल्याच्या पंक्तीस बसविण्याइतका का हा भयंकर, असें कोणी हंसून विचारील. पण ज्याचे पैसे बुडतात त्यास हंसूं येत नाहीं. नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलअखेर प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर फिरूं लागली. तिकिटाचे पैसे वांचले म्हणून आनंदणाऱ्या घरांत सुशिक्षित मंडळीही पुष्कळ असतात, हें येथें सांगणें भाग आहे.

पूर्वीं ही चोरी रस्त्याच्या कडेला तबकड्या मांडून होत असे. चोर डोळ्यांना दिसे. आतां तो दिसत नाहीं. म्हणून निर्माते न्यायालयांत जाऊन अज्ञात इसमांविरुद्ध मनाईहुकूम मागतात. अशा निनांवी प्रतिवादीस आपल्याकडे ‘अशोककुमार’ म्हणण्याची रीत पडली आहे; आमच्या आवडत्या नटाचा ह्यांत कांहीं अपराध नाहीं! हुकुमाची अंमलबजावणी मात्र ह्या अशोककुमारावर होत नसून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांकरवीं होते. निर्मात्याचीं माणसें पत्त्यांची यादी करतात आणि कंपन्या ते पत्ते बंद करतात. तेव्हां सारी मदार त्या यादीवर.

ती यादी चुकली म्हणजे काय होतें, हें २०१७ च्या ऑगस्टांत दिसलें. ‘जब हॅरी मेट सेजल’ व ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ ह्या दोन चित्रपटांसाठीं मद्रास उच्च न्यायालयाकडून मिळविलेल्या हुकुमान्वयें दोन हजारांहून अधिक संकेतस्थळें बंद झालीं. त्यांत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हें अमेरिकेंतील विनामूल्य ग्रंथभांडारही सांपडलें. तेथें जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रती आहेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें लोटलीं कीं आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें त्याचें लिखाण सर्वांचें होतें; साने गुरुजी १९५० सालीं वारले, म्हणून त्यांचीं पुस्तकें २०११ पासून मुक्त आहेत. इस्लापुरासारख्या गांवीं, जेथें मोठें ग्रंथालय हाताशीं नाहीं, तेथील वाचकाला हें भांडार म्हणजे घरचें कपाटच. कांहीं दिवसांनीं तें पुन्हा उघडलें. पण दोन चित्रपटांच्या पायीं सबंध ग्रंथालयास कुलूप लागलें होतें, हें खरें.

वस्तुतः वर्षभर आधींच मुंबई उच्च न्यायालयानें अधिक सावध वाट दाखविली होती. २०१६ च्या जुलैंत ‘ढिशूम’ ह्या चित्रपटाचा दावा न्यायमूर्ति गौतम पटेल ह्यांच्यापुढें आला. सबंध संकेतस्थळांत बेकायदा मालच आहे असें दाखविल्यावांचून तें बंद करतां येणार नाहीं, नेमका पत्ता द्या, तो तपासा व शपथेवर सांगा, असें त्यांनीं बजाविलें. शिवाय बंद पानावर बंदीचें कारण व दाद मागण्याची सोय लिहावी, असेंही सांगितलें. मला ही शेवटची अट सर्वांत मोलाची वाटते. कुलूप कोणी व कां लावलें हें ठाऊक नसल्यास घरमालकानें जावें तरी कोठें?

चोरही कांहीं कमी नाहींत. एक पत्ता बंद केला कीं रातोरात दुसरा निघतो. ह्यासाठीं दिल्ली उच्च न्यायालयानें २०१९ सालीं असे नवे पत्ते मूळ हुकुमांत जोडण्याची सोय केली. २०२३ सालीं चलच्चित्र कायद्यांत सुधारणा होऊन चित्रपट चोरून टिपणाऱ्यास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान तीन लक्ष रुपये दंड ठरला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें तक्रारी घेण्यासाठीं अधिकारी नेमले; त्यांनीं ४८ तासांत कारवाई करावयाची आहे. ही तत्परता योग्यच आहे. पण ज्याचें निर्दोष पान चुकून बंद झालें, त्यालाही तितक्याच तासांत दाद मिळाली पाहिजे.