गच्चीवरील वेधशाळा

‘दुपारीं बारा वाजतां सूर्य डोक्यावर येतो’ हें वाक्य मुलें लहानपणापासून ऐकत असतात आणि परीक्षेंत तसेंच लिहून पैकीच्या पैकी गुणहि मिळवितात. परंतु मुंबईंतील एखाद्या मुलानें गच्चीवर काठी उभी करून तिची सावली वर्षभर मोजली, तर त्याला निराळेंच दिसून येईल. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षांतून दोनच दिवस, आणि त्या दिवशींहि बारा वाजतां नव्हे!

ह्या प्रयोगास साधनें तीं किती? १०० सेंटिमीटर उंचीची काठी, ओळंबा, दोरी व खडू. काठी ओळंब्यांत उभी करावी. सकाळीं साडेदहाच्या सुमारास तिच्या तळाशीं मध्य धरून सावलीच्या टोकांतून जाणारें वर्तुळ काढावें. सावली आंखडत जाते, आणि दुपारनंतर वाढून दुसऱ्या बाजूस त्याच वर्तुळाला टेकते. हे दोन बिंदु जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम दिशा दाखविते. भारतांतील प्राचीन ज्योतिषी १२ अंगुळें उंचीच्या शंकूनें दिशासाधन करीत, तें ह्याच रीतीनें.

सर्वांत आंखूड सावलीचा क्षण हाच खरा मध्यान्ह होय. मुंबईंत तो सरासरीनें १२ वाजून ३९ मिनिटांनीं येतो; कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे, आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेस आहे. मध्यान्हींची ही सावली २१ डिसेंबरला सुमारें ९२ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३५. १५-१६ मेच्या सुमारास ती नाहींशी होते, आणि त्यानंतर चक्क दक्षिणेकडे पडूं लागते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत ती पुन्हां एकदां लोपते.

मुलाची मापें एक-दोन सेंटिमीटरांनीं चुकतील. काठी किंचित् कललेली असेल; शिवाय सूर्य हा बिंदु नसून बिंब असल्यामुळें सावलीची कडहि पुसट असते. चूक कोठें झाली हें शोधणें हाच ह्या शिक्षणांतील मोलाचा भाग. खरी कसोटी मात्र वडील माणसांची असते. मुलाची वही एक सांगते आणि पाठ्यपुस्तक दुसरेंच. अशा वेळीं ‘पुस्तकांत आहे तेंच लिही’ असें म्हटलें, कीं मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वास उडतो. ‘पुन्हां मोजून पाहा’ असें म्हटलें, तर तो वाढतो.

मे महिन्यांत बहुतेक शाळांना सुटी असते, आणि जुलैंत आकाश ढगांनीं भरलेलें. तेव्हां शून्य सावलीचा तो दिवस बहुधा घरच्यांनींच साधावयाचा असतो. त्याकरितां प्रयोगशाळा नको. गच्चीचा एक मोकळा कोपरा आणि भर उन्हांत मुलाशेजारीं उभें राहणारें एक वडील माणूस, एवढें पुरे.